उजवीकडे न वळणारी मान

मास्तरांची मान डावीकडे पार खांद्यापर्यंत फिरे. उजवीकडे मात्र ती थोडीशी वळून गंजक्या बिजागरीसारखी अडे. मोटारसायकलींच्या ट्रॅकवर ज्या माणसाचे उभे आयुष्य गेले, जो भर वेगात कितीतरी वेळा घसरला आणि दर खेपेस धूळ झटकून उठला, त्याची मान अखेर स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून पडून जायबंदी झाली होती. बल्ब बदलायचा होता. थोरली बहीण स्टूल धरायला पुढे आली तेव्हा ते म्हणाले, "राहू दे गं ताई. मी दोन चाकांवर आडवा होऊन जातो, मला चार पायांवर उभं राहता येणार नाही होय?" त्यानंतर मान आणि ओट्याची कड यांची गाठ पडली. ताईने आधी बल्ब फुटला का ते पाहिले आणि मग भावाकडे पाहिले, असा मास्तरांचा आरोप होता. ताईने तो कधीच मान्य केला नाही.

डॉक्टरांनी मणक्यांचा एक्स-रे उजेडात धरून सांगितले, की व्यायामाने दुखणे जाईल, अडणे राहील. दुखणे गेले. अडण्याविषयी मास्तरांनी ट्रॅकवर अवाक्षर काढले नाही आणि ताईलाही तोंड बंद ठेवायला सांगितले. स्टुलावरून पडल्याची लाज हे एक कारण होतेच, पण मोठे कारण ते नव्हे. मॅनेजरने मागे एका प्रशिक्षकाला गुडघेदुखीवरून बाईकवरून उतरवून हेल्मेटच्या खोलीत बसवले होते. तो माणूस तिथे लोकांच्या घामाने ओली झालेली हेल्मेटे पुसत असे. त्या दारावरून जाताना मास्तर भराभर पावले उचलत.

शिकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तरुणपणी ते गॅरेजात पाने-पक्कड चालवत, नंतर एका कारखान्यात नव्या बाईकच्या चाचण्या घेत. त्यामुळे नवख्याला काय समजत नाही, हे त्यांना नेमके समजे. वळणावर वेग वाढला की बाईक अधिक झुकवावी लागते, आणि झुकण्याला हद्द असते. आधी पाय ठेवायचे फूटरेस्ट जमिनीला घासते, मग त्यामागचे लोखंड टेकते, आणि लोखंड टेकले की मागचे चाक उचलले जाऊन सटकते. यावर उपाय एकच: स्वाराने स्वतःचे शरीर वळणाच्या आतल्या बाजूला न्यायचे. वजन आत गेले, की त्याच वेगाला बाईक कमी झुकते.

"वळण यायच्या आधीच अर्धं बूड सीटबाहेर काढायचं," ते वर्गाला सांगत. "वळणात शिरल्यावर हलाल तर बाईक दचकेल. बाहेरची मांडी टाकीला घट्ट. हात सैल, हँडल म्हणजे बसमधला दांडा नव्हे लोंबकळायला. आणि डोकं? डोकं आत आणि खाली, हनुवटी आतल्या मनगटाकडे. नजर वळणाच्या पलीकडे. कळलं? चला आता माझ्या मागे. मी करतो ते बघा."

मागून येणारे बघत. डाव्या वळणांवर ते जे बघत ते निर्दोष होते. उजव्या वळणांवर मात्र मास्तरांचे बूड आत जाई, गुडघा आत जाई, आणि डोके व छाती टाकीच्या वरच ताठ राहत. पुढचा रस्ता ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत. वर्गापुढे ते सावकाश जात आणि रस्त्याचे खाचखळगे त्यांना पाठ होते, म्हणून त्यांचे काही बिघडत नव्हते. शिवाय आपण असे दिसतो, हे त्यांना ठाऊकच नव्हते. वर्षभरात त्यांच्या शरीराने नवी सवय लावून घेतली होती आणि मालकाला कळवली नव्हती.

वर्गात या खेपेस त्यांची भाची होती. चष्म्याच्या दुकानात काम करणारी ही मुलगी गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना जितकी काटेकोर, तितकीच बाईकवर. ताईने तिला परवानगी दिली तीही अट घालूनच. "तुझ्या मागे राहणार असेल तर जाऊ दे," ती भावाला म्हणाली होती. "मागे, कळलं? आणि काही झालं तर घरात पाऊल टाकू नकोस. दोघंही."

भाचीची प्रगती पाहून मास्तरांची छाती फुगली होती. तिला वेगवान गटात घालायचे त्यांनी जवळजवळ ठरवले होते. निर्णय त्यांचाच होता आणि त्या गटाची फेरी आज दुपारी होती. पण गेल्या काही दिवसांपासून एक आवाज त्यांची झोप उडवत होता. ट्रॅकच्या टोकाला एक लांबच लांब उजवे वळण होते. तिथे पोहोचले की मागून 'खर्रर्र' ऐकू येई. भाचीचे फूटरेस्ट घासत होते. सकाळी त्यांनी ओणवे होऊन पाहिले, तर फूटरेस्टचे टोक पेन्सिलीसारखे तिरपे झिजले होते आणि त्यामागच्या लोखंडावर एक ताजा, चकचकीत ओरखडा होता. तो ओरखडा त्यांनी अंगठ्याने पुसून पाहिला, जणू तो पुसला जाणार होता.

त्यांनी टायरमधली हवा तपासली. मागचा, हादरे झेलणारा शॉकअप घट्ट केला. मग बाईक स्टँडवर चढवून भाचीला वर बसवले.

"उजवं वळण. कर."

भाचीने केले. बूड बाहेर, मांडी टाकीला, डोके आत, हनुवटी थेट मनगटावर. चूक काढायला जागा नव्हती.

"मग तिकडे काय भूत बसलंय का वळणावर? डावीकडे झकास जातेस. उजवीकडेच का घासतेय?"

"मला काय माहीत? मी तर तू करतोस तस्संच करते."

"उजवीकडे भीती वाटते का तुला?"

"मामा, आईसारखा बोलू नकोस हं."

'तू करतोस तस्संच' हे उत्तर त्यांनी पोरकटपणात जमा केले आणि तिथेच चुकले. दुपार जवळ येऊ लागली, तशी त्यांनी हवा पुन्हा एकदा तपासली.  नाही म्हणावे, तर कारण काय सांगायचे? हो म्हणावे, तर वेगवान गटात वेग वाढणार, बाईक आणखी झुकणार, आणि फूटरेस्टमागचे लोखंड आताच जमिनीशी ओळख करून बसले होते.

याच वेळी फोटोवाली आली. लांबच्या वळणाच्या आत बसून ती दिवसभर स्वारांचे फोटो काढी आणि मधल्या सुटीत ते विकी. मास्तरांच्या वर्गावर तिची विशेष मर्जी होती.

"मास्तर, एक गंमत बघा," ती कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरून म्हणाली. "तुमची पिल्लं अंधारातसुद्धा ओळखू येतील. सगळी एका साच्यातली!"

पडद्यावर एकामागून एक स्वार सरकू लागले. पहिला विद्यार्थी: बूड आत, डोके टाकीवर ताठ. दुसरा: तसाच. मग भाची, गुडघा सुरेख बाहेर आणि मान खांबासारखी सरळ. आणि या सगळ्यांच्या पुढे, त्याच वळणावर, त्यांचा म्होरक्या.

"हा कोण?" मास्तरांनी विचारले.

"थट्टा करता काय? तुम्हीच की."

मास्तरांनी पडदा जवळ घेतला. मानेमुळे तो तिरपा धरावा लागला. कोणी जुने कपडे घालून आपली नक्कल करावी, तसे त्यांना वाटले.

"मागच्या वर्गाचेही आहेत का?"

"आहेत ना. तेही असेच. शिस्त आहे हो तुमची!"

 मागच्या वर्गातले लोक आता कुठे असतील, कोणत्या रस्त्यांवर ताठ मानेने झुकत असतील, हा विचार मनात आला आणि त्यांनी तो घाईने बाजूला सारला. आत्ता प्रश्न एकीचा होता. बाकीचे सावकाश जात, म्हणून त्यांचे फूटरेस्ट जमिनीपासून दूर होते. चूक सगळ्यांची एकच होती, वेग फक्त भाचीकडे होता: ती मागे अंतर सोडी आणि मग त्या वळणात सुसाट शिरे.

सांगून टाकावे, असे त्यांना वाटले. गॅरेजच्या दाराशी मॅनेजर उभा होता, हातात चहाचा कागदी कप. त्याच्या मागे हेल्मेटची खोली दिसत होती. मास्तरांनी अर्धेच सांगितले.

"आता वर्गाच्या फेरीला तू पुढे जा," ते भाचीला म्हणाले. "मी मागून बघतो. माझ्याकडे बघायचं नाही. मी शिकवलं ते आठवायचं, डोकं आत."

"पण आईनं सांगितलंय, तुझ्या मागे…"

"आईला मी बघतो."

पण जे शरीर कित्येक फेऱ्या मागून पाहून शिकले होते, ते एका वाक्याने विसरणार नव्हते. लांबच्या वळणावर भाची शिरली ती पूर्वीसारखीच, आणि समोर कोणी नसल्यामुळे पूर्वीपेक्षा वेगात. खर्रर्र सुरू झाली आणि थांबेना. तिच्या पायाशी ठिणग्या उडाल्या. मग बाईकचे मागचे चाक आपण होऊन बाहेर सरकले, भाची सीटवरून उडून परत सीटवर आदळली, बाईकने दोनदा अंग झाडले. ती पडली नाही. का पडली नाही, हे मास्तरांना मागाहूनही सांगता आले नाही. तिच्या कौशल्याचा त्यात वाटा असेलच, पण नशिबाचा नव्हता असे म्हणायला ते धजावले नाहीत.

गॅरेजात आल्यावर तिने हेल्मेट काढले. ओठ पांढरे पडले होते. हातमोजे मात्र काढलेच नाहीत.

"माझंच चुकतंय," ती म्हणाली. "मला एकटीला नाही जमत. मामा, मी परत तुझ्या मागेच येते. तुझी मान कशी असते ते नीट बघते आता."

 मास्तर स्टँडवरच्या बाईकवर जाऊन बसले आणि सगळ्या वर्गाला जवळ बोलावले. हेल्मेट घातले नाही.

"इकडे ये," ते भाचीला म्हणाले. "माझं डोकं धर आणि उजवीकडे वळव."

"काय?"

"वळव म्हणतोय ना."

तिने हातमोज्यांतले दोन्ही हात मामाच्या गालांवर ठेवले आणि हलकेच ढकलले. डोके थोडे वळले आणि थांबले. तिला वाटले, मामा गंमत करतोय. तिने जोर केला.

"आई गं! बास, बास. तोडशील." मास्तरांनी डोळे मिटून घेतले. "इथपर्यंतच जाते. पुढे जात नाही. वर्ष झालं. उजवीकडे मी डोकं आत नेत नाही, कारण मला नेताच येत नाही. आणि तुम्ही सगळे माझं दुखणं शिकलात."

कोणीतरी हळूच विचारले, "कुठल्या रेसमध्ये लागलं, मास्तर?"

"बल्ब बदलताना. स्टुलावरून."

मागच्या रांगेतून फुसकन हसू फुटले. मास्तरही हसले असते, पण दाराशी उभ्या मॅनेजरने कप खाली ठेवला होता.

"उद्या सकाळी ऑफिसात भेटा मला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्यामुळे तर मास्तरांना अधिकच धडकी भरली.

भाची हसली नव्हती. "तू तोंडानं एक सांगायचास आणि करायचास दुसरंच," ती म्हणाली. "मला वाटलं, सांगतोस ते नवशिक्यांसाठी, आणि करतोस ते खरं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुला? विचारून शहाणपणा कोण पाजळणार?" तिचे डोळे भरले होते, बहुधा संतापाने. "माझ्यामुळे तुझं काम जाणार का आता?"

"तुझ्यामुळे नाही. ओट्यामुळे." त्यांनी तिचा हातमोजा दाबला. "ऐक. स्टँडवर केलंस तेच करायचं. वळणाआधी सरकायचं, आतलं कोपर सैल, हनुवटी मनगटाकडे. वेगवान गटाचं नंतर बघू, आज वेग कमी ठेव. जायचं नसेल तर नको जाऊस, मी काही म्हणणार नाही."

तिने फूटरेस्टचे झिजलेले टोक हातमोज्यानेच चाचपले. मग तिने हेल्मेट उचलले.

मास्तर चालत लांबच्या वळणापाशी गेले आणि आतल्या भिंतीमागे झेंडेवाल्याशेजारी उभे राहिले. वळणात कोणी पडले की तो पिवळा झेंडा हलवी. बाईक डावीकडून येत आणि उजवीकडे निघून जात. येताना त्या मास्तरांना नीट दिसत, आणि जाताना पाहायचे तर पाय उचलून सगळे अंग फिरवावे लागे. तेवढ्यात बाईक दिसेनाशी होई.

पहिल्या फेरीला भाची आली. डोके थोडे आत होते, खांदा अजून बाहेरच. खर्रर्र. मास्तरांची बोटे भिंतीच्या कडेवर आवळली. दुसऱ्या फेरीला आवाज आला तो क्षणभरच, कोणी काडी ओढावी तसा.

तिसऱ्या फेरीला ती वळणात शिरताना एक दुसरी बाईक मध्ये आली आणि भाची तिच्याआड गेली. मास्तरांनी कान टवकारले. आवाज आला नाही. इतके दिवस ज्या आवाजाने त्यांच्या काळजाचे पाणी केले होते, तो न आल्याने त्यांचे काळीज थांबायची वेळ आली. घासली नाही म्हणजे वळणात ती नाहीच. म्हणजे आधीच कुठेतरी पडली. ते घाईघाईने अंग फिरवू लागले, पाय पायात अडकला, आणि उजवीकडे तोंड होईपर्यंत रस्ता मोकळा झाला होता.

"पडली का?" त्यांनी झेंडेवाल्याचा दंड धरला. "ती, निळ्या सूटमधली. पडली?"

"कोण पडली?" झेंडेवाला त्यांच्याकडे पाहतच राहिला. "ती तर कधीच गेली पुढे. छान गेली की. हात सोडा मास्तर, झेंडा हलवायचा झाला तर हलवू कसा?"

मास्तरांनी हात सोडला. मग ती पुन्हा येईल त्या दिशेला, डावीकडे, तोंड करून उभे राहिले.