प्लॅटिनमच्या मुशीत कोळशाची पूड

आमच्या हुपरीच्या घरी चांदी आटवायची भट्टी आहे, आणि आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा हात त्या भट्टीवर चाळीस वर्षं बसलेला. कुणाची आटणी बिघडली की माणूस आधी आमच्या दारात यायचा. मी कोल्हापुरात पीएच.डी.ला लागले आणि काचेचा विषय घेतला, तेव्हा आप्पा म्हणाले होते, "काच आटवायला एवढं शिकाय लागतंय व्हय?" मला त्याचा राग आला.

माझी काच खिडकीची नव्हे. बिस्मथ आणि बोरॉनचे ऑक्साईड एकत्र वितळवून केलेली, मधासारखी पिवळी, हातात घेतली तर शिशासारखी जड. तो रस सावकाश थंड केला तर अणू रांगा धरतात आणि त्याचे स्फटिक होतात. पितळी पाटावर ओतून वरून दुसरा पाट झटक्यात दाबला, की रांगेला वेळच मिळत नाही. जो जिथं असेल तिथं थिजतो. बिस्मथ एकटा मात्र काच व्हायला सहसा तयार नसतो. त्याच्या एका अंगाला दोन इलेक्ट्रॉन ठाण मांडून बसलेले असतात, ते त्या बाजूला ऑक्सिजनला फिरकू देत नाहीत. म्हणून जाळं विणायला बोरॉनची सोबत लागते. त्या वाकड्यातिकड्या जाळ्यात एका बिस्मथभोवती किती ऑक्सिजन बसतात, हे मला शोधायचं होतं.

त्यासाठी काच निर्मळ हवी. साधी मूस, म्हणजे वितळवायचं भांडं, थोडी थोडी रसात विरघळते आणि मोजमाप बिघडतं. म्हणून माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विभागातली एकुलती एक प्लॅटिनमची मूस माझ्या हवाली केली. "हिला जप," एवढंच म्हणाल्या.

काच मात्र काळपट यायला लागली. तीनदा केली, तीनदा तशीच. दुसऱ्या दिवशी नमुने मोजणीसाठी बाहेरगावी जायचे होते आणि पाठवण्यासारखा एक तुकडा हातात नव्हता. आदल्या दिवशी सकाळी मी चौथ्यांदा मूस भट्टीत ठेवली. मॅडम तासाला गेल्या आणि आप्पा आले. गुजरीत, सराफांच्या पेठेत, पैंजण पोचवून लेकीची भट्टी बघायला आले होते. त्यांनी बिघडलेली काच उजेडात धरली आणि म्हणाले, "हवा लागलीया हिला."

वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन पिते आणि थंड होताना तो थुंकते. लगडीला फोड येतात. म्हणून हवा अडवायला आमच्याकडं रसावर कोळशाची पूड पसरतात.

"चिमटभर कोळसा भुरभुर की वर," आप्पा म्हणाले.

माझ्या काचेचं दुखणं उलटं होतं. जास्त तापून तिच्यातला ऑक्सिजन निघून जात होता आणि बिस्मथ धातूचे बारीक कण सुटून ती काळवंडत होती. हे मी वाचलेलं होतं, वहीत लिहिलेलं होतं. वही आठवली नाही असं म्हणणार नाही. आठवली, आणि मी ती बाजूला सारली. आप्पा पहिल्यांदाच माझ्या कामात लक्ष घालत होते, त्याचा मला फार आनंद झाला होता. कपाटातली कोळशाची बाटली काढली आणि लांब चमच्यानं पूड टाकली.

दहा मिनिटांनी चिमट्यानं मूस उचलली तर ती हलकी लागली. बुडाला हरभऱ्याएवढं भोक होतं, रस भट्टीच्या तळाशी सांडलेला. काय झालं ते मला लगेच कळलं. कोळशानं ऑक्सिजन ओढून घेतला, सुटा झालेला बिस्मथ बुडाशी बसला आणि त्यानं प्लॅटिनम खाल्लं.

"कशी काय फुटली?" आप्पांनी विचारलं.

"जुनी झाली होती."

मॅडम रागावतील याची मला भीती नव्हती. चाळीस वर्षांत एकही मूस न फोडलेल्या माणसाला, ही आपल्या शब्दानं फुटली, हे कळता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. "आप्पा, एस.टी. चुकंल तुमची," मी म्हणाले. ते हलले नाहीत. आमच्या धंद्यात रीतच आहे: मूस फुटली की मालक येऊन बघेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही, म्हणजे कुणावर आळ येत नाही. "मूस फुटल्यावर निघून जायाचं न्हाय," ते म्हणाले आणि स्टुलावर ताठ बसले.

मॅडम आल्या. भोक बघितलं.

"काय टाकलंस यात?"

"काही नाही."

त्यांनी टेबलावरची कोळशाची बाटली उचलली आणि माझ्याकडं बघितलं. ती आत ठेवायचंही मला सुचलं नव्हतं.

"म्या सांगितलं, मॅडम," आप्पा उठून म्हणाले. "तिचा दोष न्हाय."

मॅडम आवाज न चढवता बोलल्या. चांदीला ते बरोबर आहे म्हणाल्या, पण इथं कोळशानंच घात केला.

"म्हंजे हिला हवा पायजे हुती?"

"हो."

आप्पा माझ्याकडं वळले. "तुला ठावं हुतं?"

दोनदा खोटं बोलून झालं होतं. तिसऱ्यांदा ते तोंडातून निघेना. "होतं," मी म्हणाले.

"मग माझं ऐकलंस कशाला?"

आप्पांनी मॅडमना हात जोडले आणि एकटेच स्टँडकडं गेले.

पुढं माझी काच जमली. कमी आचेवर, वरून ऑक्सिजन सोडून, स्वच्छ पिवळी आली. फुटलेलं प्लॅटिनम पाठवून त्याचीच नवी मूस घडवून आणली. आप्पांनी मात्र त्यानंतर मला कामातलं काही सांगितलं नाही. मुद्दाम काही विचारलं तर म्हणतात, "तुला ठावं असतंय की." मला त्यांचा मान राखायचा होता, आणि मीच तो घालवला.

परवा घरी गेले तेव्हा ते चांदी आटवत होते. मी भट्टीपाशी जाऊन उभी राहिले. रस तयार झाला, कोळशाच्या पुडीचं डबडं त्यांच्या हाताशी होतं, तरी ते पूड टाकेनात. माझ्या आत जाण्याची वाट बघत होते. मी आत गेले.