नंबर पडलेले देव

"ह्यो घोड्यावरचा आमचा हाय," शोकेसच्या काचेवर बोट टेकवून ती बाई म्हणाली. "आन् ती टोकाची देवीबी. त्यो खालचा वीर बी आमचाच. बाकीचं दुसऱ्यांचं."

मी स्टुलावर चढून लाइट सरळ करत होते. उद्घाटन चार दिवसांवर आलं होतं, अर्धी लेबलं अजून प्रेसमधून यायची होती. मी वरूनच म्हणाले, "बाई, काचेला हात लावू नका. डाग पडतात." परत गिळून टाकता आली तर बरं, अशी काही वाक्यं माणूस जन्मात बोलतो. माझ्या वाट्याला आलेल्यांपैकी हे एक.

माझी उभी नोकरी सरकारी संग्रहालयात गेली. काम डॉक्युमेंटेशनचं. म्हणजे आलेल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढायचा, ती साफ करायची, मोजायची, तिला नंबर द्यायचा आणि ॲक्सेशन रजिस्टरमध्ये शाईने नोंद करायची. नंबर पडला की वस्तू संग्रहालयाची झाली. त्यानंतर ती बाहेर काढायची तर कमिटीचा ठराव लागतो. हा नियम चांगला आहे. तो नसता तर आपल्याकडची निम्मी संग्रहालयं एव्हाना साहेब लोकांच्या दिवाणखान्यात गेली असती. रिटायर झाल्यावर मी नगरला घरी बसून छोट्या संग्रहालयांची कामं घेऊ लागले, त्यातलंच हे एक.

जामखेड तालुक्यातल्या एका गावात 'मास्तरांचा बंगला' म्हणून दगडी घर आहे. गावातली पहिली शाळा ज्यांनी चालवली त्या ख्रिस्ती मास्तरांचं. पुढे चार पिढ्या त्या घरातल्या माणसांनी गावाला शिकवलं. शेवटच्या एस्तरबाई. लग्न केलं नाही, प्राथमिक शाळेत नोकरी केली आणि एकट्या त्या घरात राहिल्या. त्या वर्षी दसऱ्यानंतर त्या अचानक वारल्या आणि महिनाभरात पुण्यातल्या भाच्याने घर 'आतील सर्व चीजवस्तूंसह' एका ट्रस्टला दान दिलं. ट्रस्टचे अध्यक्ष अण्णासाहेब. राजकारणात बरीच वर्षं काढलेला गृहस्थ, बोलायला गोड. त्यांनी गावाच्या इतिहासाचं संग्रहालय करायचं ठरवलं आणि मला बोलावलं.

मार्गशीर्षात मी कामाला लागले. घर नीटनेटकं होतं. मास्तरांची हजेरीपत्रकं, घड्याळ, पाट्या, बायबल, हार्मोनियम. मागच्या खोलीतल्या कपाटात मात्र आठ पत्र्याचे डबे निघाले. काही बिस्किटांचे, काही डालड्याचे. प्रत्येकात कापडात बांधलेलं एक गाठोडं आणि गाठोड्यात टाक. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला देव. खंडोबा, भवानी, घराण्यातले वीर. आपल्याकडे देव्हाऱ्यात असतात तेच.

ख्रिस्ती घरात खंडोबा! आमच्या धंद्यात असा क्षण दहा वर्षांत एकदा येतो. मी त्याच संध्याकाळी थिअरी मांडून मोकळी झाले: धर्म बदलला तरी या घराण्याने जुने देव टाकले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप जपले. अण्णासाहेबांना फोनवर सांगितलं तर ते खूशच झाले. "मॅडम, हेच मेन आकर्षण. मधल्या हॉलमध्ये घ्या. मंत्रीसाहेबांच्या भाषणात पण घालतो."

एकाच घराकडे तीन-तीन खंडोबा आणि चार-चार भवानी कशाला असतील, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पडला असता. मला पडला नाही. मी उत्तर आधी काढून बसले होते.

नियमाप्रमाणे मी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर नोटीसही लावली होती: घरातील वस्तूंवर कोणाचा हक्क असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. कोणी आलं नाही. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, 'गावात चौकशी केली. कोणीही दावा सांगितला नाही.' ते अक्षरशः खरं होतं. तो पौष महिना होता. अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला गेलं होतं, कोणी प्रवरेच्या पट्ट्यात, कोणी कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. नोटीस वाचायला मागे उरले होते ते म्हातारे, पोरं आणि ज्यांना घर सोडून कधी जावंच लागत नाही अशी चार बरी घरं.

आता ऊस संपला होता आणि माणसं परत येत होती. त्यातलीच ही. मंगल नाव. नवरा वारलेला, मुलाला जोडीला घेऊन ऊस तोडते. मी स्टुलावरून उतरले.

"हे एस्तरबाईंच्या घराण्यातले देव आहेत," मी म्हणाले.

ती हसली. "बाईंचे? बाई तर येशूच्या. त्यांना कशाला लागत्यात आमचे देव?"

"मग त्यांच्या कपाटात कसे?"

"आमी ठिवतो की. उसाला जाताना. ह्या दसऱ्यालाबी ठिवलं. समदं घर सा म्हैनं बंद ऱ्हातं, देवाला कुलपात कोंडायचं व्हय? आन् उसाच्या फडावर न्यायचं तर तिथं पालात राहायचं, चिखलात, बैलांपशी. सोवळं कुठलं तिथं? म्हनून बाईकडं."

"भावकीत का नाही ठेवत?"

"भावकीत?" या बाईला नोकरी कोणी दिली, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. "भावकीत ठिवलं की परत येत न्हाईत. ज्याच्या घरात देव, त्यो थोरला. मग जत्रंचा मान त्याचा, लग्नाचा मान त्याचा. बाई काय आमच्या देवाच्या पाया पडत नव्हत्या. म्हनून तर त्यांच्याकडं ठिवायचो."

मी तिथल्याच बाकावर बसले. माझी थिअरी तर गेलीच, पण त्याहून वाईट म्हणजे एस्तरबाईंची गोष्ट मी उलटी करून टाकली होती. आपल्या धर्मावर पक्की असलेली बाई दुसऱ्यांचे देव वर्षानुवर्षं राखते, आणि मी लेबलवर लिहिते की ती चोरून त्यांची पूजा करायची.

मंगलचं बोलणं चालूच होतं. मुलाचं लग्न वैशाखात ठरलं होतं. लग्नानंतर जागरण-गोंधळ, त्याला घरचे देव पाटावर हवेत. टाक त्याआधी सोनाराकडून उजळून आणायचे होते. तिचा दीर गावभर सांगत सुटला होता की वहिनीने देव घालवले, आता सोनारानं केलेल्या नव्या पत्र्यापुढं गोंधळ घालणार. "नव्या सुनंला पयल्या दिवशी हेच ऐकायला मिळल," ती म्हणाली. "आन् उद्या घरात काय बरंवाईट झालं की माझ्यावरच येनार."

मग तिने कमरेच्या पिशवीतून एक चिंधी काढली. हिरव्या लुगड्याचा काठ, हातभर, एका बाजूने फाडलेला. "बाई धडपा फाडायच्या. अर्ध्यात देव बांधायच्या, अर्धा आमाला द्यायच्या. आलं की जोडून बघायच्या, मगच द्यायच्या. मी सख्खी शेजारीन, पर माझाबी जोडून बघायच्याच. आमचं गाठुडं ह्याच काठाचं हाय, बघा."

गाठोड्यांची कापडं मी मागच्या अंगणात जाळली होती. तेल-हळदीने चिकट झालेली, कसर लागलेली. जुन्या कापडात ओल धरते आणि धातू काळा पडतो, म्हणून ते आधी काढतात. काढावं हे बरोबरच. पण वस्तू जशी सापडली तसा तिचा फोटो आधी काढायचा, हेही संग्रहालयात येणाऱ्या शिकाऊ मुलांना मीच सांगत आले. मंत्र्यांची तारीख मिळाल्यामुळे अण्णासाहेबांनी उद्घाटन महिनाभर अलीकडे ओढलं होतं, म्हणून मी फोटो साफसफाईनंतर काढले. शिवाय आठ गाठोड्यांतले देव एकत्र करून त्यांची प्रकारवार मांडणी केली: खंडोबा एका ओळीत, भवानी दुसऱ्या, वीर तिसऱ्या. दिसायला फार देखणं झालं होतं.

मी तिला खरं ते सांगितलं. ती ओरडली नाही. चिंधीची घडी घालून परत पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "पर मला वळखू येत्यात की. ह्या घोड्याचं तोंड झिजलंय. माझ्या सासूनं आन् मी घासून घासून झिजवलंय."

शोकेसची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. खोलीत आम्ही दोघीच. पाच मिनिटांचं काम होतं. मी किल्ली काढली नाही, अण्णासाहेबांना फोन लावला. नोकरीने अंगात काय मुरतं, ते त्या दिवशी मला कळलं.

"मॅडम, चार दिवस राहिलेत," अण्णासाहेब म्हणाले. "मधल्या हॉलची शोकेस मोकळी दाखवू का मंत्र्यांना?"

"तीनच टाक आहेत. आणि माझं लेबल चुकलंय, तेही बदलायला हवं."

"लेबल छापून आलं ना? माहितीपत्रकात पण तेच आहे. भाषण पण तेच आहे. लोकांना आवडणारी गोष्ट आहे, कशाला खोडता? त्या बाईला म्हणावं अर्ज कर. उद्घाटनानंतर मीटिंग लावू."

मी पुण्याला भाच्याला फोन केला. "हो, आत्याकडे लोकांचं सामान असायचं खरं," तो सहज म्हणाला. "कुणाचं काय ते मला कसं माहीत असणार? मला वाटलं, गावात सांगितलं असेल तुम्हाला."

उद्घाटन झालं. मंत्र्यांनी 'धर्म बदलला तरी मूळ बदलत नाही' यावर दहा मिनिटं टाळ्या घेतल्या. शाल-नारळ मलाही मिळालं. बंगल्यासमोरच्या लिंबाखाली मंगल आणखी चार-पाच बायकांबरोबर उभी होती. बाकीच्या डब्यांच्या मालकिणी. आत त्यांना गर्दीमुळे सोडलं नाही.

मीटिंग लग्नाच्या आठवडाभर आधी झाली. मंगलने अर्ज कुणाकडून तरी लिहून आणला होता. तिने चिंधी टेबलावर ठेवली. एका सभासदाने विचारलं, "याचा दुसरा तुकडा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "होता," मी म्हणाले. "मी जाळला. चूक माझी आहे. या बाई खरं सांगताहेत, त्यांचे देव त्यांना द्यावेत असं माझं लेखी मत आहे."

"तुमचं मत आदरणीयच आहे," अण्णासाहेब म्हणाले. "पण कुठलं गाठोडं कुठल्या कापडात होतं, याची नोंद आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग पुरावा नाही. रजिस्टरमध्ये तर तुम्हीच लिहिलंय, कोणीही दावा सांगितला नाही म्हणून. खाली सही पण आहे. उद्या गावातलं कोणीही येऊन बोट दाखवील."

माझ्याच शाईने माझं तोंड बंद झालं. ठराव झाला तो असा: सहानुभूतीपूर्वक विचार करून तीन टाक लग्नकार्यासाठी दोन दिवस हंगामी स्वरूपात द्यावेत. अर्जदाराने आधार कार्डाची झेरॉक्स जोडावी आणि ट्रस्टचा माणूस सोबत राहील.

मंगलने ते ऐकून घेतलं. "म्हंजी माझंच देव मला उसनं?" ती म्हणाली. "आन् गोंधळ चालू असताना तुमचा मानूस राखनीला बसनार? नगं. ऱ्हाऊ द्या." चिंधी उचलून ती निघून गेली. मी मागे गेले तर म्हणाली, "तुमी मधी पडू नका आता. लई झालं." तिचं बरोबरच होतं. बैल गेला आणि झोपा केला, असं माझं मधे पडणं.

जामखेडच्या सोनाराकडून तिने नवे टाक करून घेतले. गोंधळ नव्या टाकांपुढे झाला. दीर जेवायला आला नाही, असं नंतर कळलं.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी राहिलेली लेबलं लावायला बंगल्यात होते. अकराला दार उघडल्यावर पहिल्या आल्या त्या मंगल, मुलगा आणि नवी सून. दोघांच्या हातांवरची हळद अजून उतरली नव्हती. मुलगा-सून शोकेससमोर वाकून पाया पडले. मंगलने झिजलेल्या घोड्यावरचा खंडोबा सुनेला दाखवला आणि काचेवरच हळदकुंकू लावलं. त्या मागे सरल्या तसा वॉचमन ओला फडका घेऊन आला. मी त्याला थांबवलं नाही. मग त्याने तिघांपुढे अभिप्रायाची वही धरली, कारण येणाऱ्या प्रत्येकाकडून लिहून घ्यायचं अशी त्याला ताकीद होती. सून दहावी शिकलेली. तिने विचार करून सुबक अक्षरात लिहिलं, 'सासरचे देव पाहिले. चांगले ठेवले आहेत.'

ट्रस्टच्या नव्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर 'प्रेक्षकांचे बोल' या मथळ्याखाली ते वाक्य छापलं आहे. शोकेसमध्ये माझं लेबलही तसंच आहे, चुकीचं, खाली संशोधक म्हणून माझं नाव. ते बदला म्हणून मी तीन पत्रं पाठवली. पोच आली.

आता कुठल्या गावात काम मिळालं की मी रजिस्टर उघडण्याआधी एकच गोष्ट विचारते: गावातली माणसं सध्या घरी आहेत का? नसतील तर मी पावसाळ्यात येते म्हणून सांगते. त्यामुळे दोन कामं हातची गेली. जाऊ देत.