भट्टीवाल्याचा धाक

भट्टीवाल्याच्या नाकावर राग असायचा, आणि नाकही काही लहान नव्हतं. बेकरीत त्यानं नुसतं खाकरलं तरी कामगारांच्या माना मैद्याच्या परातीत जायच्या. घरी तो पायरीवर चपला काढायला वाकला की आतलं हसणं बंद व्हायचं. याचा त्याला अभिमानच होता. ‘‘बापाचा धाक असला की पोरांना देवाचं भय वेगळं शिकवावं लागत नाही,’’ असं तो बायकोला सांगे. बायको ‘हो’ म्हणे. दुसरं काही म्हणायची त्या घरात सोय नव्हती.

माणूस वाईट नव्हता हो. संध्याकाळी उरलेले पाव तो गुपचूप वाटून टाकी आणि कुणी आभार मानले तर त्याच्यावरच खेकसे. देवाला मात्र तो मनापासून भ्यायचा. चर्चमध्ये ज्या रविवारी प्रभुभोजन असे, त्याच्या आदल्या दुपारी तो कामगारांना घरी पिटाळायचा, कोपरापर्यंत हात धुवायचा आणि एकच मोठा गोल पाव स्वतः भाजायचा. सगळी मंडळी तोच मोडून वाटून घेत. तो करपला किंवा तडकला तर वर जाब द्यावा लागेल, अशी त्याची पक्की समजूत. देव म्हणजे त्याच्या लेखी सगळ्यांत खट गिऱ्हाईक!

एका शनिवारी पाव भट्टीत सरकवून तो मैद्याच्या पोत्यांवर जरा टेकला, आणि टेकला तो घोरायलाच लागला. तेवढ्यात त्याची धाकटी लेक डबा घेऊन आली. तिला सगळे टिल्ली म्हणत. आत शिरताच तिला करपट वास आला. बाबांना हाक मारावी? झोपमोड झालेले बाबा तिनं एकदा पाहिले होते, तेवढं पुरे होतं. तिनं फडकं घेतलं आणि भट्टीतला पावाचा पत्रा स्वतःच बाहेर ओढला. फडकं अपुरं पडलं. पत्रा टेबलावर आदळला, पाव मधोमध तडकला आणि टिल्ली तळहात पोटाशी धरून घराकडे पळाली.

भट्टीवाला जागा झाला तेव्हा तडकलेल्या पावाशेजारी डबा होता, त्यामुळे चोर शोधावा लागला नाही. घरी येऊन त्यानं आकाशपाताळ एक केलं. ‘‘देवाच्या पावाला हात लावलास? देवाचं भय आहे की नाही तुला?’’

‘‘चुकले, बाबा,’’ टिल्ली म्हणाली. हात तिनं पाठीमागे धरला होता. त्यावर मलम लावून देणारी आई शेजारीच उभी होती. तिनंही ब्र काढला नाही.

रविवारी भट्टीवाल्यानं खाली मान घालून तो पाव पाळकसाहेबांच्या हाती दिला. साहेबांनी तडा पाहिला आणि ते हसले. ‘‘अहो, मोडायचाच तर आहे!’’

एवढ्यावर सुटका झाली? भट्टीवाल्याचा विश्वास बसेना. प्रभुभोजन घ्यायला तो रांगेत उभा राहिला आणि सहज त्यानं मागे वळून पाहिलं. बाकावर टिल्ली आपल्या तळहातावर फुंकर घालत होती. त्याची नजर वळताच आईनं तो हात पटकन आपल्या हाताखाली झाकला.

तो रांगेतून बाहेर पडला. माणसं बघू लागली. बाकापाशी येऊन त्यानं विचारलं, ‘‘हाताला काय झालं?’’

‘‘काही नाही,’’ मायलेकी एकदमच म्हणाल्या.

पाहावं म्हणून त्यानं हात पुढे केला, तर टिल्लीनं डोळे घट्ट मिटून घेतले. तो मारणार असं तिला वाटलं होतं. भट्टीवाला तिथंच खाली गुडघ्यांवर बसला.

‘‘पाव करपत होता,’’ बायको म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. ‘‘तुम्ही झोपला होतात. तुम्हाला उठवायची तिची छाती झाली नाही.’’

तो टिल्लीकडे वळला. ‘‘मला सांगायचं नाही का गं?’’

‘‘देवाला सांगितलं.’’

‘‘त्याची भीती नाही वाटली?’’

‘‘वाटली ना.’’ टिल्लीनं थोडा विचार केला. ‘‘पण त्याच्याजवळ रडता येतं.’’

भट्टीवाला इतकी वर्षं देवाला भीत आला होता, पण त्याच्याजवळ रडायचं कधी सुचलं नव्हतं. आता त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्याच्याकडे जागा नव्हती. त्यानं आपले दोन्ही तळवे उघडे करून मांडीवर ठेवले आणि नुसता वाट पाहत राहिला. रांग पुढे सरकत होती.

टिल्लीनं आधी आईकडे पाहिलं. मग भाजलेला हात हळूच त्याच्या तळव्यावर ठेवला.

‘‘दाबू नका हं,’’ ती म्हणाली.

त्यानं बोटं मिटली नाहीत. आपल्याकडून तिला दुखेल, या भीतीनं तो श्वासही जपून घेत होता.