ऑप्शनला टाकलेली शंभर वर्षं

एकतीस वर्षं मी सोलापुरातल्या एका कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवते आहे. अमेरिका राहिली लांब, मी विमानतळसुद्धा आतून पाहिलेला नाही. तरी गुलामगिरी संपली तेव्हापासून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांपर्यंतचा तो देश मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. म्हणजे मुद्द्यांत सांगता येईल. कारणे सहा, परिणाम आठ, समारोप चार ओळी.

भवानी पेठेतल्या आमच्या घरात कन्नड आणि मराठी दोन्ही चालतात. हल्ली कॉलेजातून येऊन चप्पल काढताना माझ्या तोंडून एकच कन्नड शब्द निघतो, ‘साकाय्तु’. पुरे झालं. घरातली माणसं आता तिकडे लक्षही देत नाहीत. सात-आठ महिन्यांत मी निवृत्त होईन आणि हा पेपरही नव्या अभ्यासक्रमात राहणार नाही, असं ऐकते. दोघांनी बरोबरच गाशा गुंडाळलेला बरा.

या पेपरात पाच प्रकरणं. पहिलं यादवी युद्धाचं, दुसरं गुलामांच्या मुक्तीचं, तिसरं मुक्तीनंतर त्या माणसांचं काय झालं याचं, चौथं दोन महायुद्धांचं, पाचवं युद्धानंतरच्या चळवळीचं. तिसरं ऑप्शनला टाकायचं, ही आमच्याकडची रीत. ती मी पाडली नाही, पण पाळली मात्र इमानाने. पाचापैकी कोणतेही तीन प्रश्न सोडवायचे असत, आणि तिसऱ्यातला प्रश्न नेहमी लांबलचक, धड मुद्दे न पडणारा. म्हणून पहिल्याच तासाला मी सांगून टाकायची, “तिसरं सोडा, बाकीच्यांच्या नोट्स घ्या.” माझं एवढंच वाक्य पोरं मनापासून ऐकत. त्यामुळे आमच्या वर्गात गुलाम सुटत, महायुद्धांची पानं उलटली की बसमधल्या जागेवरून एकदम चळवळ सुरू होई, आणि त्या माणसांची मधली जवळजवळ शंभर वर्षं कुठे गेली हे कुणीही विचारत नसे.

गेल्या वर्षी एकीने विचारलं. ती मोडनिंबजवळच्या एका वस्तीवरची, मेंढपाळ घरातली सून, वय तिशीच्या आसपास. बारावीनंतर लग्न झालं आणि दहा वर्षं पुस्तकाचं तोंड पाहिलं नाही. मग पदवी मिळाली तर अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसता येतं, असं तिला कळलं. सासऱ्यांनी होकार दिला तो अटीवर. पहिल्या दणक्यात पास होत गेलीस तर शिक, एकदा जरी नापास झालीस तर मेंढरं आहेतच. दोन वर्षं तिने ती अट पाळली होती. हे तिसरं आणि शेवटचं. एसटीने यायची, पहिल्या बाकावर बसायची, आणि डबा उघडायची तो तास संपल्यावर, व्हरांड्यात.

“मॅडम, सुटल्यावर ती मानसं गेली कुटं?”

“परीक्षेला नाही ते.”

“परीक्षेला नसू द्या की. पर गेली कुटं?”

मला वैताग आला. पन्नास मिनिटांच्या तासात असल्या प्रश्नांना जागा नसते. ग्रंथालयातलं एक जाडजूड मराठी पुस्तक मी तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, “वाच, आणि सापडली तर मलाही सांग.” मागच्या बाकावर हशा पिकला. तिने पुस्तक पिशवीत घातलं.

उन्हाळ्यात परीक्षा झाली. नेमका त्या वर्षी पेपरचा साचा बदलला होता, तसं परिपत्रक आलं होतं आणि ते मी वाचलं नव्हतं. पहिलाच प्रश्न सक्तीचा, पंधरा मार्कांचा, आणि तिसऱ्या प्रकरणावर. मुक्त झालेल्या लोकांच्या जीवनात मुक्तीपासून महायुद्धोत्तर काळापर्यंत झालेले बदल स्पष्ट करा. वर्ग बाहेर आला तो माझ्याकडे न बघता. नंतर कळलं, बहुतेकांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या त्या उंच दाढीवाल्या राष्ट्राध्यक्षाचं लाकडी घरातलं बालपण सविस्तर लिहिलं होतं. मुद्दे पाडून, अधोरेखित करून. मला दोन दिवस लाज वाटली. तिसऱ्या दिवशी पेपर तपासणी सुरू झाली आणि लाजेला वेळ उरला नाही.

पेपर तपासणी म्हणजे काय, हे तपासणाऱ्यालाच माहीत. मे महिना, पत्र्याचं छत, मोठा हॉल, डोक्यावर कुरकुरणारे पंखे. गठ्ठे कोणत्या कॉलेजचे ते कळू नये म्हणून नावाच्या जागी बारकोड. दिवसाला ठरलेल्या पेपरांचा कोटा. सुरुवातीचे दहा पेपर माणूस वाचतो. मग डोळे आपोआप मधली ओळ सोडून रेघ शोधू लागतात. रेघ मारलेला मुद्दा दिसला की एक मार्क. असे सात दिसले की सात. ज्या पानावर मुद्दा नाही, त्यावर डोळा ठरत नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे जण ‘हल्लीची मुलं वाचत नाहीत’ म्हणून हळहळायचो.

निकाल लागला. वर्ग पास झाला, तो दाढीवाला बऱ्याच जणांना तारून गेला. ती मात्र याच पेपरात राहिली.

जुलैत ती स्टाफरूममध्ये आली. तिने विद्यापीठाकडून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली होती. “एकदा बगता का?” म्हणाली आणि समोर उभी राहिली. मी बस म्हटलं तरी बसली नाही.

पहिल्या प्रश्नाला तिने साडेचार पानं लिहिली होती. एकही मुद्दा नाही, एकही रेघ नाही. मी चष्मा लावून सुरुवात केली. तिने लिहिलं होतं की त्या लोकांना सुटका मिळाली पण रान मिळालं नाही, आणि रान नसलेल्या माणसाची सुटका म्हणजे नुसतं चालत राहणं. आमची मेंढरं खत पडावं म्हणून शेतकरी शेतात बसवून घेतात, त्याचे आम्हाला धान्य देतात, पण मेंढरं उठली की आम्हीही उठायचं, दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर थांबलं तर तोच माणूस विचारतो, अजून इथं कसे? तिकडे तर तसा कायदाच केला होता. बिनकामाचा फिरताना दिसला की धरायचे आणि जुन्याच मालकाच्या कामाला जुंपायचे. मग शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, गाडीत मागची जागा. म्हणून पुष्कळ लोक उत्तरेला कारखान्यांत गेले. युद्धात लढले, आणि गणवेश घालून घरी आले तेव्हाही मागेच बसले. परतलेल्या सैनिकांसाठी नव्या वसाहती उठल्या, तिथेही त्यांना घर मिळेना. शेवटी एका गावातल्या लोकांनी वर्षभर बसमध्ये पाय ठेवला नाही, सगळे चालत कामाला गेले. शेवटची ओळ अशी होती, ‘आधी ते जागा नाही म्हणून चालत होते, नंतर जागा पाहिजे म्हणून चालले, हा मला यातला बदल वाटतो.’

एकतीस वर्षांत माझ्या कोणत्याच नोट्समध्ये हे वाक्य नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग रागाने डोकंच फिरलं.

“कोणत्या गाढवाने तपासलाय हा पेपर? याला पंधरापैकी तीन? वाचता येतं का त्याला?”

ती खाली बघत राहिली. मी पान पुन्हा उलटून मार्क कुठे लिहिलेत ते शोधलं. समासात, जरा तिरकं, लिहिलेलं होतं, ‘मुद्दे नाहीत’. ‘म’ची गाठ मोठी आणि ‘हीत’ची वेलांटी पार वरच्या ओळीत गेलेली. असं अक्षर आमच्या कॉलेजात एकाच बाईचं आहे.

मी ते वाचलं नव्हतं. पाहिलं होतं फक्त. बारकोडमागे कोण आहे ते मला कळलं नाही हे खरं, पण पहिल्या चार ओळी जरी वाचल्या असत्या तर मोडनिंबची एसटी त्यात ऐकू आली असती.

“तुला माहीत होतं?”

“व्हय. वहीवर तीन वरसं बगतीया की तुमचं अक्षर. फोटोकॉपी आली तवाच वळाकलं.”

मी तिला म्हटलं की पुनर्मूल्यांकनाला टाकू, मी लेखी देते की चूक माझी आहे, प्राचार्यांकडे आत्ता जाऊ. आवाज चढला होता माझा, शेजारचे प्राध्यापक पेपरातून डोकं वर काढून बघू लागले. ती शांतपणे म्हणाली, “नगं मॅडम. दुसरा तपासणार बी मुद्देच बगणार. सासऱ्यानी दिवाळीपतूर मुदत दिलीया, ती बी लई मिनतवारीनं. तवर फेरपरीक्षा हाय. तुमी आता रिटायर व्हनार, माजं सगळं अजून व्हायचंय.” मग तिने पिशवीतून वही काढली, खुर्ची ओढली आणि पहिल्यांदा माझ्यासमोर बसली. “तुमास्नी काय पायजे ते सांगा. तसं लिवते.”

मला नाही म्हणता आलं असतं. म्हणायला हवं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी सांगितलं. प्रस्तावना तीन ओळी. मुद्दा एक, जमिनीचा अभाव. मुद्दा दोन, निर्बंधात्मक कायदे. मुद्दा तीन, विलगीकरण. ती प्रत्येक मुद्द्याखाली पट्टीने रेघ ओढत होती, आणि पट्टी कागदावर बसली आहे ना ते बोटाने दाबून बघत होती. अकरा मुद्दे झाले. समारोप चार ओळी. ऑक्टोबरात ती पास होणार यात मला तेव्हाही शंका नव्हती, आणि ती झालीही.

वही मिटून ती उठली. फोटोकॉपी टेबलावरच होती. मी ती तिच्यापुढे सरकवली.

“ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच,” ती म्हणाली. “घरात दिसली की पुन्यांदा तसंच लिवू वाटंल. ती चूक आता परवडायची न्हाय.”