शेंदूर लावलेला क्रूस

महिन्यापूर्वी रूथचा फोन आला, "काका, बाबा गेले." दानियल गेला... आणि मला आधी रडू नाही, राग आला. माझे पुढचे दोन दात पाडणारा माणूस नंतर माझ्याशी एक शब्दही न बोलता गेला.

हडपसरच्या कारखान्यात आम्ही शेजारच्या मशीनवर होतो. दानियल मारकुटा होता. माणूस गेला म्हणून मी ते लपवणार नाही. त्याचा जीव मात्र होता गावाबाहेरच्या रस्त्यालगतच्या दगडी क्रुसात. प्लेगात मेलेल्यांना उचलायला कुणी पुढे येईना, तेव्हा त्याच्या आजोबांनी उचललं, आणि जिथे स्वतःची दोन मुलं पुरली तिथे हा क्रूस उभा केला. येताजाता सगळं गाव त्याला हात जोडायचं.

मग आयटी पार्क आलं, रस्ता रुंद व्हायला निघाला. दानियलने ठेकेदाराच्या माणसाला पहारीने बडवलं. ठेकेदाराच्या पोरांनी दानियलला इतकं तुडवलं की तीन बरगड्या मोडल्या. तो दवाखान्यात असतानाच क्रूस पाडायला जेसीबी निघाल्याचं कळलं. मी धावत जाऊन शेंदूर नि तेल आणलं आणि क्रूस वरपासून खालपर्यंत हातांनीच माखला. जेसीबीवाला उतरला, चपला काढल्या, हात जोडले आणि परत गेला. मी स्वतःवर जाम खूश!

दानियल दवाखान्यातून सरळ तिथे आला.

"काय केलंस रं ह्ये?"

"वाचवला तुझा क्रूस."

"माझ्या आज्ज्याच्या क्रुसाचा म्हसोबा केलास, हलकटा!" आणि ठोसा. माझं तोंड रक्ताने भरलं. मग रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन, कण्हत, तो शेंदूर घासत बसला.

"पुसलास तर पाडतील!" मी ओरडलो.

"पाडू देत. पडंल तर आमचा म्हणून पडंल."

चौथ्या दिवशी पाडला. एका तडाख्यात दोन तुकडे... आम्ही दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहून बघत होतो. पुढे तो बोलला नाही, मीही गेलो नाही. माझंही चुकलंच.

परवा रूथच्या फ्लॅटवर गेलो. गॅलरीत त्याची खुर्ची, समोर काचेच्या इमारती, आणि खुर्चीला टेकवून क्रुसाचा वरचा तुकडा. लख्ख घासलेला, फक्त एका खाचेत शेंदूर राहिला होता. मला शरम वाटली. मी नखाने खरवडू लागलो, तर रूथने हात धरला.

"राहू द्या, काका. मी एकदा काढायला गेले, तर बाबा अंगावर धावून आले. म्हणाले, 'तितं त्या हरामखोराचं बोट लागलंय, ऱ्हाऊ दे.'"