काब्याशेजारचा मनोरा आणि कलघटगीची अव्वा

जवळजवळ एक वर्ष माझ्याकडून नमाज झाली नाही. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अजान झाली की मी हातपाय धुऊन वजू करायची, आतल्या खोलीत जानमाज अंथरायची, तिच्यावर बसून राहायची आणि थोड्या वेळानं उठून घडी घालायची. ओठ हलत नसत. दस्तगीरच्या अब्बांना वाटायचं, ही आता जास्तच वेळ बसते, दुःखानं माणूस अल्लाहच्या जवळ जातो म्हणतात ते खरंच. मी मात्र जवळ गेले नव्हते. मी रुसले होते, आणि रुसून कुणाकडे जायचं हेही कळत नव्हतं.

आमच्या जुन्या हुबळीतल्या गल्लीत एक बाई राहतात, मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. माझं माहेर निपाणीचं, सातवीपर्यंत मी मराठीतच शिकले, म्हणून आमचं दोघींचं बोलणं मराठीत होतं. घरात दखनी, रस्त्यावर कन्नड आणि बाईंकडे मराठी. त्यांनीच म्हटलं, जे झालं ते लिहून काढा, कुणाला उपयोग होवो न होवो, तुम्हाला होईल. म्हणून लिहिते.

दस्तगीर माझा एकुलता एक मुलगा. त्याचे अब्बा गवंडी. दहावी झाल्यावर तोही त्यांच्याबरोबर कामावर जाऊ लागला. त्या वर्षांत आमच्याकडची बरीच मुलं आखातात जात होती. दुबईहून बोलावणं आलं तेव्हा मी नको म्हटलं, कुवेतहून आलं तेव्हाही नको म्हटलं. मुलगा डोळ्यांसमोर असावा एवढीच माझी हाव होती. मग एक दिवस तो घरी आला आणि चप्पल न काढताच उंबऱ्यात उभा राहून म्हणाला की काम मक्केत आहे, हरमच्या, म्हणजे काब्याच्या मशिदीच्या, अगदी दारात. काबा शरीफसमोर मोठे मनोरे उभे राहतायत, सेंट्रिंगला माणसं हवी आहेत, दोन वर्षांचा करार आहे. या वेळी मला नाही म्हणता आलं नाही. ज्या दाराकडे आम्ही दिवसातून पाच वेळा तोंड करतो, त्या दारानंच माझ्या मुलाला बोलावलं असं मला वाटलं. त्याची पेटी मी स्वतःच्या हातानं भरली.

शुक्रवारी त्याचा फोन यायचा. वरून पाहिलं की काब्याभोवती तवाफ करणारी माणसं फिरत्या पांढऱ्या पाण्यासारखी दिसतात, असं तो सांगायचा. एकदा म्हणाला, "अम्मा, वर चढताना मला लाज वाटते. काबा खाली आणि मी वर." मी त्याला म्हटलं की तू कामासाठी चढतोस, मिरवायला नाही, बिस्मिल्ला म्हणून चढत जा. बोलायला बोलले, पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

त्या मनोऱ्याची चर्चा तोवर हुबळीतही पोचली होती. हाजहून परतलेल्या प्रत्येकाच्या घरी मी जायची, खजूर आणि जमजमचं पाणी घ्यायची आणि मनोऱ्याबद्दल विचारायची. जो तो वेगळं सांगायचा. एक व्यापारी खुशीत होते. आता खोलीच्या खिडकीतून काबा दिसेल, म्हाताऱ्या माणसांचे हाल वाचतील, आपल्या धर्माचं काम असं जगाच्या नजरेत भरायला हवं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या मशिदीतले वयस्क मौलवी, ज्यांना आम्ही हजरत म्हणतो, ते मात्र सांगता सांगता रडले. ते तरुणपणी गेले होते तेव्हा काब्याच्या वर नुसते डोंगर आणि आभाळ होतं. त्यातल्या एका डोंगरावर तुर्कांच्या वेळचा किल्ला होता, तो पाडला, डोंगरही कापला. आता दुआला हात उचलले की आधी क्रेन दिसतात, म्हणाले. दुर्गदबैलच्या चहाच्या दुकानात तरुण पोरांचे दोन तट पडले होते, एक म्हणे प्रगती, दुसरा म्हणे श्रीमंतांची सोय. बाईंना मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्याही देवळांना लॉजनी वेढलंय की. दस्तगीरचे अब्बा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि एकच विचारायचे, पाया किती खोल घेतलाय? ते कुणालाच सांगता यायचं नाही.

माझा मुलगा तिथे कामाला आहे हे कळलं की वाद तिथेच थांबे. कुणी म्हणे नशीबवान आई, कुणी दुसरीकडे बघे.

करार संपायला चार महिने उरले असताना त्याला कावीळ झाली. आधी ताप म्हणाला, मग दोन शुक्रवार फोन आला नाही, आणि तिसऱ्या शुक्रवारच्या आधीच त्याच्या खोलीतल्या एका मुलाचा आला. इलाज झाला होता, सोबतच्या मुलांनी सेवा केली होती, कुणाचा काही दोष नव्हता. तिथल्या रिवाजाप्रमाणे हरममध्ये त्याच्या जनाज्याची नमाज झाली आणि तिथल्याच कब्रस्तानात त्याला माती दिली. आम्ही त्याचं तोंड पाहिलं नाही. पंधरा दिवसांनी त्याची पेटी आली, तिच्यात त्याचे कपडे नीट घडी घालून ठेवलेले होते. त्या घड्या त्याच्या हातच्या नव्हत्या.

भेटायला आलेला प्रत्येक माणूस मला सांगायचा की मक्केची माती मिळाली, लाखो माणसांनी जनाजा पढला, असं मरण मागून मिळत नाही. ते खोटं नव्हतं. पण मला मरण मागायचंच नव्हतं. मला मुलगा हवा होता. पुढच्या हाजला जाणाऱ्या दोघातिघांना मी कबर शोधायला सांगितलं. ते परत येऊन म्हणाले, तिथे कबरीवर नाव नसतं, नुसते दगड असतात. तेव्हापासून माझी नमाज थांबली. या अल्लाह, मी माझा मुलगा तुझ्या दारावर पाठवला होता, दुसऱ्या कुणाच्या दारावर नव्हे, एवढंच मनात यायचं आणि पुढचे शब्दच सुचायचे नाहीत. भिंतीवरच्या काब्याच्या तसबिरीकडेही मी बघेनाशी झाले. तिच्यात तो मनोरा नव्हता, तरी मला दिसायचा.

दाजीबानपेठेतल्या एका कापडदुकानातून मी साड्या फॉल-पिकोला आणते. दुकानाचे मालक हाजी आहेत, सगळे त्यांना हाजीसाबच म्हणतात. एका दुपारी तयार साड्या द्यायला गेले. नवं काम घेऊन लगेच निघणार होते, पण एका जांभळ्या साडीला जुळणारा फॉल सापडेना आणि हाजीसाबांनी मला थांबायला सांगितलं. मी गादीच्या कडेला बसले. समोर नव्या वर्षाचं कॅलेंडर लागलं होतं, त्यावर तोच मनोरा, अर्धा बांधलेला, दिव्यांनी उजळलेला, आणि त्याच्या पायाशी काबा. मी पाठ फिरवून बसले.

दुकानात लग्नाची खरेदी करायला एक कुटुंब आलं होतं. त्यांच्यातल्या एकानं कॅलेंडर पाहून विषय काढला आणि पुन्हा तेच सगळं सुरू झालं. हे काय केलं म्हणे, काबा खेळण्याएवढा दिसायला लागला. हाजीसाब म्हणाले, काबा कधी लहान होत नाही, बघणाऱ्याची नजर लहान होते. तिसरा म्हणाला, पैशाचा माज. मला उठून जावंसं वाटत होतं, पण फॉल मिळाला नव्हता. तेवढ्यात त्या कुटुंबातली एक म्हातारी, डोक्यावर पांढरी ओढणी, गादीवर पाय पसरून बसलेली, कन्नडमध्ये म्हणाली, "तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. मला त्यानंच वाट दाखवली."

ती कलघटगीची होती. तीन वर्षांपूर्वी दिरासोबत हाजला गेली होती. एका दुपारी गर्दीत तिची चुकामूक झाली. गळ्यातलं ओळखपत्र कुठे पडलं कळलं नाही, चपला गेल्या, आपली इमारत कुठली हे सांगता येईना. अनवाणी चालून तळवे सोलले. भाषा कुणाची कळत नव्हती. शेवटी एका भिंतीला टेकून ती लहान मुलीसारखी रडायला लागली. तेव्हा पिवळं हेल्मेट घातलेला, तोंडाला धुळीसाठी फडकं बांधलेला एक कामगार तिच्यासमोर येऊन वाकला आणि म्हणाला, "अळब्याड्री, अव्वा." रडू नका, आई. तीन आठवड्यांनी परक्या माणसाच्या तोंडून कन्नड ऐकलं, म्हणाली, आणि मला वाटलं मी माझ्या अंगणातच आहे.

त्या मुलानं पाणी आणलं, आपलं फडकं ओलं करून तिच्या पायांना गुंडाळलं, स्वतःच्या चपला तिला घातल्या आणि आपण अनवाणी तिच्याबरोबर विचारत विचारत निघाला. वाटेत त्यानं क्रेनच्या दिशेनं हात केला. तो मनोरा बघा, म्हणाला, उद्यापासून तो डाव्या खांद्याला ठेवून चालत या, चुकणार नाही, आम्हीच बांधतोय. कुठल्या गावच्या, असं त्यानं विचारलं. कलघटगी म्हटल्यावर हसला, अब्बांबरोबर तिकडे काम केलंय म्हणाला. इमारतीच्या दारात पोचवून तो निघाला तेव्हा तिनं विचारलं, तुझ्यासाठी काय मागू? तो म्हणाला, माझ्यासाठी नको, माझ्या अम्मासाठी मागा. मला पाठवून तिला करमत नसेल.

"नाव विचारलं का?" मी तिच्याकडे सरकत विचारलं. ती म्हणाली, विचारलं होतं, त्यानं सांगितलंही, पण क्रेनच्या आवाजात ऐकू आलं नाही. फॉल मिळाला का, कुठला दिला, मला काही आठवत नाही. तिच्या घराचा पत्ता तेवढा मी विचारून घेतला.

घरी येऊन दस्तगीरच्या अब्बांना सांगितलं. त्यांनी तो मुलगा काय काय बोलला ते मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले की कलघटगीला आम्ही शाळेच्या कुंपणाचं काम केलं होतं, पण हुबळीकडचे किती गवंडी तिकडे जातात. तेही खरंच होतं. चार दिवसांनी मी दस्तगीरचा फोटो पिशवीत घालून सकाळच्या बसनं कलघटगीला गेले. वाटभर मी काही मागितलं नाही. मागायची भीती वाटत होती.

अव्वानं मला ओळखलं, भाकरी वाढली. जेवण झाल्यावर मी फोटो काढून तिच्या हातात दिला आणि विचारलं, हा माझा मुलगा, तो हाच होता का? तिनं तो डोळ्यांजवळ धरला, मग उजेडात दारापाशी नेला, पुन्हा जवळ धरला. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. शेवटी फोटो परत देत म्हणाली, "नाही गं सांगता येत मला. त्याचं तोंड झाकलेलं, माझे डोळे असे. हो म्हटलं तर तुला बरं वाटेल, पण हाज करून आले, खोटं कसं बोलू?"

मी फोटो पिशवीत ठेवला. मग तिनं विचारलं, मुलगा कुठे आहे आता? मी सांगितलं. ती माझ्या शेजारी येऊन बसली, माझा हात तिनं मांडीवर घेतला. म्हणाली, तो तुझा होता की नाही अल्लाहला ठाऊक, पण त्या दिवसापासून एक नमाज अशी गेली नाही की मी त्याच्या अम्मासाठी मागितलं नाही. तिला सबर दे, धीर दे, तिला सांभाळ, एवढंच मागते.

मुलगा गेल्यावर पहिल्यांदा मी त्या घरात मोठ्यानं रडले. ज्या वर्षात माझ्या तोंडून एक शब्द निघत नव्हता, त्या सगळ्या वर्षात हुबळीपासून तासाभराच्या वाटेवर एक म्हातारी कुणाच्या तरी आईसाठी दिवसातून पाच वेळा हात पसरत होती. ती आई मी असेन किंवा आणखी कुणी असेल. पण जेवल्यासारखं, निजल्यासारखं करत मी दिवस कसे काढले, कोसळले कशी नाही, याचा मी कधी विचारच केला नव्हता. दुपारच्या नमाजेची वेळ झाली. अव्वानं काही न विचारता दोन जानमाज अंथरल्या. मी तिच्या शेजारी उभी राहिले, आणि शब्द आले.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा दस्तगीरचे अब्बा दारातच उभे होते. ओळखलं का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं आणि अव्वा काय म्हणाली ते सांगितलं. त्यांनी डोळे पुसले. "ज्याचा असेल त्याचा असो," म्हणाले, "पोरगा चांगला होता."

दुःख संपलं असं मी म्हणणार नाही. शुक्रवारी फोनच्या वेळेला अजूनही मी हातातलं काम खाली ठेवते. तो मनोरा आता पुरा होत आलाय म्हणतात, आणि लोकांचे वादही चालूच आहेत. हजरतांचं रडणं मला पटतं. हाजीसाबांचं बोलणंही पटतं. मला कुणी विचारलं तर मी सांगते की तिथे उंची कुणी वाढवली मला माहीत नाही, पण वाट चुकलेल्या एका अव्वापुढे वाकलेला माणूस तिथेच काम करत होता. तो कोण होता याचा तपास मी सोडून दिला. आपलं मूल अल्लाहच्या हाती दिलं असं म्हणणं सोपं असतं, पण मी दिलं नव्हतं, पाठवलं होतं, आणि परत मिळण्याची तारीख घालून पाठवलं होतं. द्यायला मला एवढा वेळ लागला. तोवर त्यानं वाट पाहिली, आणि माझ्या वतीनं कुणाला तरी बोलतं ठेवलं. त्याचे उपकार मी फेडू शकत नाही, आणि त्याला ते नकोही असावेत.

आता मी दुआत फार काही मागत नाही. जगात जिथे कुठे कुणाचा मुलगा उंचावर काम करत असेल, त्याला दिवस मावळायच्या आत सुखरूप खाली उतरू दे, एवढंच म्हणते आणि हात तोंडावरून फिरवते.