चीन, युरोप आणि आमची तिफण

माझे धाकटे दीर हिंगोलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतात. दिवाळीच्या आधी ते गावी, साखऱ्याला घरी आले आणि जेवताजेवता म्हणाले, "वहिनी, तुमची तिफण दोन दिवस द्या. कॉलेजात परिसंवाद ठेवलाय, चीन थोर की युरोप. चीनमध्ये दोन हजार वर्षांमागं अशीच तीन नळ्यांची तिफण होती. युरोपाला ती लई उशिरा सुचली. स्टेजवर ठेवतो, लोकायला डोळ्यानं दिसंल."

मला आनंद झाला. लग्नानंतर मी बाहेरून बी.ए. केलं तेही इतिहास घेऊन, पण आमच्यासारखं चाडं धरून तिकडे कुणी बाई पेरत असेल, हे एकाही पुस्तकाने मला सांगितलं नव्हतं. चाडं म्हणजे तिफणीवरचा लाकडी वाडगा. त्याला तीन भोकं, खाली तीन नळ्या. मुठीतून बी असं सोडायचं, की तिन्ही नळ्यांत सारखं पडलं पाहिजे. घरात ते काम माझं. मी तिफण बैलगाडीत चढवून दिली.

दोन दिवस होऊन गेले, तिफण काही आली नाही. ओढ्यापलीकडच्या तुकड्यात हरभरा पेरायचा होता. ट्रॅक्टर तिकडे जात नाही आणि रब्बीची पेरणी सगळी जमिनीतल्या ओलीवर. आमचे हे रोज सकाळी ढेकूळ हातात चुरून बघायचे आणि माझ्यावर करवादायचे. "ओल चालली. काहून देली तू तिफण?" मी फोन लावला, तर दीर म्हणाले, "परिसंवाद पुढं ढकललाय वहिनी, पाहुण्यायला टाइम न्हाई." पाहुण्यांना विचारून तारीख बदलली. ओलीला कोण विचारतो?

शेवटी मीच जीपने हिंगोली गाठली. परिसंवाद नेमका त्याच दिवशी होता, कॉलेजचा हॉल भरलेला होता. स्टेजवर आमची तिफण उभी होती आणि चाड्याच्या तीन भोकांत तीन झेंडे खोचले होते. एका बाजूला चीनचा, दुसऱ्या बाजूला युरोपाचा आणि मधोमध त्या कॉलेजच्या संस्थेचा. ते बघूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

युरोपाच्या बाजूचे प्राध्यापक बोलत होते. कागद चीनला सुचला, होकायंत्र सुचलं, बंदुकीची दारू सुचली, पण त्याचं सोनं केलं युरोपाने, असं त्यांचं म्हणणं. मग आमचे दीर उठले. चीन परीक्षा घेऊन अधिकारी नेमत होता, मैलोन्‌मैल कालवे खणत होता, तेव्हा युरोप कुठे होता, असा त्यांचा सवाल. कोंबडे झुंजवावेत तशी दोघांनी दोन संस्कृतींची झुंज लावली होती. अरे, कागद एकाने केला, ढिगांनी पुस्तकं दुसऱ्याने छापली, वाचतोय आपण. यात कुणाला हरवायचंय तुम्हाला? एवढ्यात संस्थेचे अध्यक्ष माईकपाशी आले आणि म्हणाले, "चीन आणि युरोप, दोघांपेक्षा आपली संस्कृती थोर!" सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या वाक्याला पडल्या. का थोर, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मी उभी राहिले. "आमाला आमची तिफण पायजे. शेतातली ओल चालली."

लोक हसले, मग टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. कुणीतरी मला हाताला धरून स्टेजवर नेलं, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटो काढले. मी दोन्ही टेबलावर ठेवलं आणि सरळ झेंडे उपसायला लागले. चीनचा ओढला की निघाला. युरोपाचाही निघाला. मधला काही निघेना.

"तो न्हाई निघायचा ताई," शिपाई म्हणाला. "संस्थेचा झेंडा हलू नाही म्हणून सायबानं पांढऱ्या शिमेटात बसवायला लावला."

दीर खाली मान घालून उभे होते. पण त्यांना बोलून सिमेंट निघणार नव्हतं. जीपच्या टपावर तिफण बांधली आणि मी तशीच, झेंड्यासकट, गावात आले. पोरं जीपमागे धावली. सुतार म्हणाला, "फोडलं तं चाडं चिरंल. नवं करून देतो, पण आज-उद्या न्हाई व्हायचं." थांबायला ओल नव्हती. त्याच्याकडून झेंड्याची काठी बुडाशी कापून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दोन नळ्यांवर पेरलं.

मधला फण नुसती माती उकरत चालला होता. बुजलेल्या भोकावर बी साचायचं, मी ते बोटाने बाजूला सारायची आणि संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. आमचे हे बैल हाकत होते, मागे वळून एकदाही बघितलं नाही त्यांनी. रिकाम्या राहिलेल्या ओळींत मी पुढे हाताने बी टोकून पाहिलं, पण तोवर जमीन सुकली होती. त्यातलं काही उगवलं नाही.

थंडीत दीर हरभऱ्याचा हुळा खायला शेतात आले. बांधावर बसून त्यांनी भाजलेले घाटे सोलले, तोंडात टाकले. मग त्यांची नजर रानावर गेली.

"वहिनी, दोन ओळी सोडून एक ओळ मोकळी काहून हो?"

मी म्हटलं, "चीनची उगवली, भाऊजी. युरोपाचीबी उगवली. मोकळी ऱ्हायली ती आपली."